झाडं-पाखरं मोजून घर चालतं का, ताई?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातला शेतकरी. भात आणि रताळी करतो. थोरली मुलगी यंदा पीयूसी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र) घेऊन ७८ टक्क्यांनी पास झाली. सीईटी दिली, खरं नंबर लांब गेलाय. तिला इकॉलॉजी, म्हणजे झाडं-प्राणी आणि त्यांच्या परिसराचं शास्त्र, शिकायची आहे. लहानपणापासून वहीत पाखरांची नावं लिहिते, कुठलं पाखरू कुठल्या महिन्यात शिवारात आलं ते सगळं. एका माणसानं मोठ्या शहरातल्या खाजगी विद्यापीठाचं पत्रक आणून दिलंय. इकॉलॉजीतली बी.एस्सी., तीन वर्षांची फी आणि हॉस्टेल धरून ६ लाख. बँक कर्ज देते म्हणाला. माझा मेहुणा बेळगावच्या उद्यमबागला फाउंड्रीत आहे, तो म्हणतो बीसीएला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदवीला घाला, झाडं-पाखरं मोजून कुणाचं घर चाललंय? हे ऐकून मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही. धाकटा नववीत आहे, त्याचंही बघायचंय. तुम्ही ह्याच कामात आहात म्हणून विचारतो. ह्या पदवीची पैशात किंमत किती? खरं ते सांगा.

— एक वडील, खानापूर तालुका

उत्तर : दादा, तुम्ही खरं ते सांगा म्हणालात, म्हणून आधी आकडाच सांगते. नुसत्या बी.एस्सी.वर, मग ती इकॉलॉजीची असो की पर्यावरणशास्त्राची, आपल्या भागात पहिली नोकरी मी पाहते ती १२ ते १५ हजारांची. साखर कारखान्याची प्रयोगशाळा, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, पाणी तपासणारी एखादी लॅब. मी स्वतः सर्वेक्षणाची कामं घेते, हाताखाली दोन-तीन मुली असतात. नव्या मुलीला महिन्याला १४ हजार देते. जास्त द्यावेत असं फार वाटतं, खरं कामच हंगामी येतं.

आता ते पत्रक समोर ठेवा. ६ लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता बसतो महिन्याला १०,१०० च्या आसपास. शिकताना चढत जाणारं व्याज ह्यात धरलेलंच नाही. १४ हजारांतून एवढा हप्ता गेला की उरले ३,९००. तेवढ्यात पोरीनं परगावी राहायचं कुठं आणि खायचं काय? कर्ज देणारी बँक पगार कधी सुरू होईल ते बघत नाही, तारीख बघते. ते पत्रक परत करून टाका. हा निर्णय तुम्ही आजच घेऊ शकता.

मुलीची इच्छा मात्र परत करू नका. पत्रक आणि विषय ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या घरात त्या दोन्ही एकाच वादात अडकल्यात असं मला पत्र वाचून वाटलं.

माझं सांगते. मीही जांबोटीकडचीच. २००० साली बेळगावातून बी.एस्सी. झाले, रसायन, वनस्पती आणि प्राणिशास्त्र घेऊन. तेव्हा आपली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती. त्याच गळीत हंगामात एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागले. पगार २,२०० रुपये. काम म्हणजे बाहेर जाणाऱ्या पाण्याचा बीओडी काढायचा. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं ते माप. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली काठोकाठ भरायची आणि बूच असं बसवायचं की आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. २७ अंशांवर तीन दिवस ठेवायची. मग त्यातलं पाणी ब्युरेटखाली, म्हणजे खुणा असलेल्या काचेच्या नळीखाली घ्यायचं. स्टार्च घातला की ते निळंशार होतं, वरून थेंब थेंब सोडत राहायचं, आणि एका थेंबाला तो निळा रंग एकाएकी उडून जातो. पाणी स्वच्छ दिसायला लागतं. कितव्या थेंबाला उडाला त्यावर सगळा हिशेब. अजूनही मला तो थेंब बघायला आवडतो.

नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत लागतो. एके दिवशी माझा आकडा त्याच्या खूप वर आला. मी पुन्हा केला, पुन्हा तोच. वरच्या माणसानं सांगितलं, वहीत २८ लिही. मी लिहिलं नाही. हंगाम संपल्यावर शेवटच्या दोन महिन्यांचा पगार मिळाला नाही आणि पुढच्या हंगामाला बोलावणंही आलं नाही. घरी आले तेव्हा वडील काही बोलले नाहीत, नुसतं म्हणाले, पुढं शिकायचं असेल तर शीक. मग कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं. त्या दोन वर्षांनी पगार वाढला तो वाढलाच, खरं त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चुकीच्या कागदावर सही करणार नाही असं म्हणायची ऐपत आली. नुसत्या बी.एस्सी.वाल्या माणसाला ती फार महाग पडते. ह्या पदवीच्या किमतीत मी हेही धरते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : पदवीवर कमीत कमी खर्च करा आणि पैसा एम.एस्सी.साठी राखून ठेवा. ह्या विषयात कमाई दुसऱ्या पदवीपासून सुरू होते, पहिलीपासून नाही.

आता विषय निवडायची गोष्ट, आणि ही नीट वाचा, कारण इथे पोरं फसतात. गेल्या वर्षी एक मुलगी माझ्याकडे आली होती. हुशार, जंगलात पायाला भिंगरी. एका खाजगी संस्थेतून फक्त पर्यावरण विषयाची पदवी घेतलेली. तिला आयएफएस म्हणजे भारतीय वनसेवेचा फॉर्म भरायचा होता. खानापूरच्या सायबर कॅफेत आम्ही दोघी बसलो. पात्रतेच्या विषयांची यादी निघाली : पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पती, रसायन, भूशास्त्र, गणित, भौतिक, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र. यांपैकी एक तरी विषय पदवीला हवा, नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी हवी. ती यादी तिनं तीनदा वर-खाली केली. पर्यावरणशास्त्र त्यात नव्हतंच. तिच्या पदवीपत्रावर जंगल, परिसंस्था, जैवविविधता हे सगळे शब्द होते आणि जंगल खात्याच्या सगळ्यात मोठ्या परीक्षेला ती बसू शकत नव्हती. ज्यांनी तिच्याकडून तीन वर्षं फी घेतली त्यांनी प्रवेशाच्या दिवशी हे सांगायला हवं होतं. त्या परीक्षेतून देशभरात वर्षाला दीडशेच्या आसपास जागा भरतात, मूळ पगार ५६,१०० पासून सुरू होतो. सगळ्यांना ती मिळत नाही, हे मलाही कळतं. पण दार उघडं असून आत जायला न जमणं वेगळं आणि दारच बंद असणं वेगळं.

तेव्हा मुलीला बेळगावात बी.एस्सी.ला घाला आणि वनस्पती, प्राणी, रसायन ह्यांतले किमान दोन विषय पक्के धरा. तिसरा पर्यावरणशास्त्र मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी काही अडत नाही. इकॉलॉजी ह्या दोन्ही जीवशास्त्रांच्या अभ्यासक्रमात असतेच. कॉलेज राणी चन्नम्मा विद्यापीठाशी संलग्न असू दे, सरकारी किंवा अनुदानित बघा. २०२१ ला कर्नाटकात चार वर्षांची पद्धत आणली होती, २०२४ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. म्हणजे एक वर्षाचा खर्च तसाही वाचला. खानापूर-बेळगाव सव्वीस किलोमीटर, आणि शक्ती योजनेमुळे २०२३ च्या जूनपासून सरकारी साध्या बसला बायका-मुलींना तिकीट नाही. हॉस्टेल नको, खोलीचं भाडं नको. तुमच्या ६ लाखांच्या पत्रकापुढे ही तीन वर्षं किती स्वस्त पडतात ते तुम्हीच मांडून बघा.

त्याआधी एक काम करा. सीईटीचा नंबर लांब गेला म्हणून सोडून देऊ नका. शिरसीला धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे. तिथला चार वर्षांचा बी.एस्सी. वनशास्त्राचा प्रवेश सीईटीतूनच होतो, आणि शेतकऱ्यांच्या मुलांना त्यात राखीव जागा असतात. त्या कोट्याचे कागद वेळेत गोळा करा, तहसीलदार कचेरीत दोन-तीन फेऱ्या होतील. ऑप्शन एंट्रीला, म्हणजे कॉलेजांची पसंती भरताना, ते कॉलेज सगळ्यात वर टाका. वनशास्त्राची पदवी असली तर आयएफएसचा प्रश्न मिटतो, आणि राज्याच्या वनखात्यात रेंज फॉरेस्ट ऑफिसरच्या भरतीत वनशास्त्रवाल्यांना वेगळा वाटा असतो. तिथं जागा मिळाली तर बाकी काही विचार न करता पाठवा. नोकरीच्या दृष्टीनं साध्या बी.एस्सी.पेक्षा ती पदवी मी वरची मानते.

राज्याच्या नोकरीची गोष्ट निघाली म्हणून कन्नडचं बोलते. आपल्या भागात हा विषय दुखरा आहे, मला माहीत आहे. पण राज्य लोकसेवा आयोगाच्या भरतीला कन्नडची पात्रता परीक्षा पार करावी लागते, आणि जंगलात गेलं तरी गार्डपासून डीएफओपर्यंत (विभागीय वनाधिकाऱ्यापर्यंत) सगळी टिपणं कन्नडात चालतात. मुलीनं मराठी मनात ठेवावी, घरात ठेवावी, आणि कन्नड लिहिताना अडखळू नये. मी स्वतः उशिरा शिकले आणि त्या उशिरापायी दोन चांगली कामं हातातून गेली.

आता तुमच्या मेहुण्यांच्या प्रश्नाकडे येते. पाखरं मोजून घर चालतं का? कोण मोजतंय त्यावर आहे, दादा.

काही वर्षांपूर्वी चोर्ला घाटाकडच्या एका खाणीच्या प्रकल्पाचा अहवाल माझ्या हाती आला. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा प्रकल्पाला पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करावा लागतो आणि त्यात तिथल्या झाडा-प्राण्यांची यादी द्यावी लागते. त्या यादीत चिंकारा होता. चिंकारा हा उघड्या, कोरड्या माळाचा प्राणी. आमच्या ओल्या सदाहरित रानात तो यायचा कुठून? कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्याच्या अहवालातून यादी उचललेली होती. मी नव्यानं पाहणीला गेले तेव्हा बाहेरून आलेल्या मंडळींबरोबर वाट दाखवायला गावातला एक माणूस दिवसाच्या मजुरीवर होता. ही मंडळी जीपीएसवर आकडे टिपत खाली मान घालून चालत होती. तो एका जागी थांबला आणि म्हणाला, ‘साहेब, वर बघा की.’ वर शेकरूचं घरटं होतं, फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा हा एवढा गोळा. दहा पावलांवर दुसरं. पुढं तिसरं. रस्ता ज्या पट्ट्यातून जाणार होता त्याच पट्ट्यात. जुन्या अहवालात शेकरूचं नावही नव्हतं.

त्या दिवशी त्या माणसाला ५०० रुपये मिळाले. अहवालावर सही करणाऱ्याला किती मिळाले ते मी लिहीत नाही, पण तुम्ही अंदाज करू शकता. ज्याला माहीत होतं त्याची मजुरी झाली आणि ज्याला माहीत नव्हतं त्याची फी झाली. दोघांच्या मध्ये काय होतं? एक एम.एस्सी., शास्त्रीय नावं, आणि इंग्रजीत अहवाल लिहिता येणं. तेवढंच. ते तुमच्या मुलीला शिकता येतं. त्या माणसाच्या डोळ्यात जे होतं, ते बाहेरच्या पोराला दोन वर्षांत शिकवता येत नाही. तिच्या वहीवरून वाटतं, ते तिच्याकडे आधीच आहे.

आपल्याच तालुक्यातल्या बारापेडे गुहेची गोष्ट तिला सांगा. तिथलं राऊटनचं वटवाघूळ १९१३ साली शास्त्राच्या वहीत गेलं, आणि नंतर कितीतरी वर्षं जगात फक्त तिथंच आहे असं मानलं जायचं. तळेवाडीच्या लोकांना गुहा माहीत होतीच. २०११ ला भीमगड अभयारण्य झालं, त्याला ह्या वटवाघळाचा मोठा आधार मिळाला. म्हादई देगावातून निघते, मलप्रभा कणकुंबीतून. ह्या पाण्यावर आणि रानावर अजून कितीतरी अहवाल लिहिले जाणार आहेत. ते लिहिणारं एक तरी नाव ह्या तालुक्यातलं असावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठीच मी हे सदर चालवते.

एम.एस्सी. झाल्यावर रस्ते कोणते? नेट ह्या प्राध्यापकीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार फेलोशिप, वर घरभाडं. शेतकऱ्याच्या घरात संशोधन शिकण्यासाठी दरमहा एवढे पैसे येतात हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. नेट पास झाल्यावर कॉलेजात सहायक प्राध्यापक, तिथला मूळ पगार ५७,७०० पासून, पण कायम जागा कमी निघतात आणि अतिथी प्राध्यापक म्हणून पोरं वर्षानुवर्षं लटकतात, तेही लक्षात घ्या. परिणाम अभ्यास करणाऱ्या सल्लागार संस्था पदव्युत्तर पदवी आणि अनुभव बघतात. त्या कामात माझ्यासारखीला सध्या दिवसाला अडीच ते साडेतीन हजार मिळतात, मात्र ते पावसाळा सोडून. पाहणीचा हंगाम पावसाळ्याबाहेरचा धरतात. जून ते सप्टेंबर माझ्याकडे पैसा नसतो आणि सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर, तेव्हाच सगळं उगवतं. पहिली काही वर्षं मला ह्याचा त्रास झाला. आता मी आठ महिन्यांच्या कमाईत बारा महिन्यांचा खर्च आखते, तुम्ही भाताच्या पैशावर वर्ष आखता तसंच. डेहराडूनची वन्यजीव संस्था, बंगळूरचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र, पाँडिचेरी विद्यापीठ इथली एम.एस्सी. तिनं डोळ्यासमोर ठेवावी. तिथं प्रवेश परीक्षेतून घेतात, आणि अशा ठिकाणासाठी कर्ज काढलं तर मी तुम्हाला अडवणार नाही.

बीसीएबद्दल थोडक्यात. पहिला पगार कदाचित त्यात लवकर आणि थोडा जास्त मिळेल. ज्या पोराला ते आवडतं त्यानं जरूर करावं. पण जी मुलगी नावडत्या विषयात जेमतेम पास होते तिला पुण्या-बंगळूरला कोण उभं करतं? मेहुण्यांना हे शांतपणे विचारा. त्यांना तुमच्या पैशाची काळजी आहे, आणि ती रास्त आहे.

शेवटी तिच्या वहीचं. तिला सांगा, प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, जागा आणि किती संख्या एवढं लिहायला लाग. कापणी झाल्यावर खाचरात काय येतं, चिखलणीच्या दिवसांत बगळे किती, रताळ्याच्या वेलात काय फिरतं. त्या नोंदी ई-बर्ड ह्या पाखरांच्या नोंदींच्या ॲपवर टाकायच्या, फोनवर फुकट आहे ते. तीन वर्षांच्या अशा नोंदी घेऊन आलेल्या मुलीला एम.एस्सी.च्या मुलाखतीत काय विचारावं हे घेणाऱ्यालाच कळत नाही, मग तीच बोलते. मी अशा मुलाखती पाहिल्यात.

आणि आज तिला जेवायला वाढताना सांगा की पत्रक परत केलंय, विषय नाही.

प्रश्न : मी निपाणीचा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायन, वनस्पती, पर्यावरण. कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पाणी तपासणी लॅबनं १३ हजारांची नोकरी देऊ केलीय. बहिणीचं लग्न आहे, घरी पैसे हवेत. नोकरी धरू की कोल्हापूरला एम.एस्सी.?

उत्तर : बाळ, वर्षभर नोकरी कर. निपाणीहून कागल घरून करता येतं, म्हणजे १३ हजारांतले बरेचसे हातात राहतील. जाण्याआधी दोनच गोष्टी विचार : लॅबला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, आणि तुला यंत्रावर बसवणार की नुसत्या बाटल्या धुवायला लावणार. मान्यता असेल आणि यंत्र हाताळायला मिळणार असेल तर ते वर्ष वाया जात नाही. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, त्याची प्रवेश परीक्षा पुढच्या वर्षी दे. सीमाभागातल्या विद्यार्थ्यांना तिथं काय सवलती आहेत ते विभागात जाऊन स्वतः विचार, कुणाच्या सांगण्यावर राहू नकोस.

आणि महाराष्ट्राच्या नोकरभरतीला बसायचा विचार असेल तर महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतला १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला आत्ताच काढून ठेव. जाहिरात निघाल्यावर धावपळ करणाऱ्यांचे फॉर्म दरवर्षी राहतात. निपाणी त्या यादीत आहे.